गणपतीला गावी जाताना लॅपटॉप घरी कसा ठेवायला लावायचा?

गिरगावची_सून:
मुंबईत बीकेसीतल्या ऑफिसात कामाला असलेला आमच्या घरचा एक प्राणी गणपतीला पाच दिवस राजापूरला न्यायचाय. रजा मंजूर आहे, मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं आहेत, पण "लॅपटॉप नुसता बरोबर असू दे" हे पालुपद सुरू झालंय. हातात पंधरा दिवस आहेत. याला व्यसन म्हणायचं की नुसती खोड? "मन रमवा" छापाचे सल्ले नकोत, काय करायचं ते नीट सांगा.

मोजपट्टी:
आधी मोजा. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये कामाच्या व्यसनाची सात प्रश्नांची मोजपट्टी काढली. कामाला आणखी वेळ कुठून काढू याचा विचार, ठरवल्यापेक्षा जास्त वेळ काम, अपराधी वाटू नये किंवा धास्ती जावी म्हणून काम, "कमी कर" हे न ऐकणं, काम अडलं की जिवाची घालमेल, छंद-व्यायाम मागे पडणं, तब्येतीवर परिणाम. उत्तरं "कधीच नाही"पासून "नेहमी"पर्यंत पाच. सातांपैकी चार ठिकाणी "बऱ्याचदा" किंवा "नेहमी" आलं तर खोड म्हणून सोडून देऊ नका. उत्तरं तुम्ही भरा. व्यसनी माणूस चौथ्या प्रश्नाला "कधीच नाही" लिहितो, कारण सांगितलेलं त्याच्या कानावर पोचलेलंच नसतं.

डबा_नंबर_चार:
लॅपटॉप काढून घेणं ही शेवटची पायरी, आधी ऑफिसातून माणूस सोडवा. या आठवड्यात यादी करायला लावा: कोणतं काम, कोणाकडे, फाइल कुठे. एका कामापुढे एकच नाव. दोन नावं लिहिली की दोघंही समजतात दुसरा बघतोय, आणि फोन राजापूरला. बिलं-रजा मंजूर करायचे अधिकार सिस्टीममध्ये त्या तारखांपुरते दुसऱ्याच्या नावावर टाकायचे. बहुतेक जण इथेच फसतात, काम सोपवतात पण मंजुरीचं बटण स्वतःकडे ठेवतात. मग पुढच्या आठवड्यात एक दिवस रंगीत तालीम: माणूस मुंबईतच, पण फोन बंद. जे अडेल ते यादीत घाला.

"काही लागलं तर फोन कर" हे वाक्य सगळ्यांना सांगायचं नाही. एकाच सहकाऱ्याला सांगा, आणि कशासाठी फोन करायचा तेही लिहून द्या.

रजेचं म्हणाल तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात भरपगारी रजा जास्तीत जास्त ४५ दिवस साठते. व्यवस्थापकीय पदांना तो लागू नाही, तिथे कंपनीचा नियम बघा. साठवून पुतळा उभारत नाहीत कोणी.

उक्षी_ते_भोके:
फोनचं मी सांगतो. ॲन्ड्रॉइडमध्ये ऑफिसची ॲप्स बॅगेच्या चिन्हाची, वेगळ्या वर्क प्रोफाइलमध्ये असतील तर एका टिचकीत सगळी थांबतात. नसतील तर एकेकाचं नोटिफिकेशन बंद करत बसा. व्हॉट्सॲप ग्रुप "नेहमीसाठी" म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, ८ तासांचा पर्याय निवडला तर संध्याकाळच्या आरतीच्या आत बोंब सुरू होईल. आणि साहेबांनी नाव टॅग केलं तर म्यूट असूनही सूचना येऊ शकते, त्याचा बंदोबस्त साहेबांकडेच.

मांडवीत लॅपटॉप चोरून आणलाच, तरी रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आहे. तिथे मेल जात नाही. तेवढ्यात बॅग वरच्या बर्थवर, तिच्यावर मोदकपात्र.

उकडीचा_मोदक:
पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोकं दुखेल. ऑफिसच्या आठवणीने नव्हे, ऑफिसचे सहा कटिंग अचानक दोनावर आल्याने. रोज एकेक कप आतापासूनच कमी करा.

हात रिकामे ठेवू नका. मोदक वळायला बसवा. तांदळाची पिठी आणि पाणी सारखंच, एका वाटीला चमचाभर तूप, चिमूट मीठ. उकड गरम असतानाच मळायची, गार झाली की पारी फाटते आणि पाकळ्या येत नाहीत. वाफ दहा-बारा मिनिटं. तेलपाण्याच्या हातांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, हा खरा फायदा.

गिरगावची_सून:
आभार. सातांपैकी सहा भरले. यादी मागितली तर आरतीच्या पाळ्यांचं एक्सेल तयार करून दिलंय, रंगीत, निरांजनाला बॅकअपसकट. हे धरायचं का?

डबा_नंबर_चार:
धरायचं. प्रिंट काढून फाइल पुसा, नाहीतर विसर्जनापर्यंत सातवी आवृत्ती येईल. आणि धाकट्या जावेचं नाव झांजांपुढे आहे का बघा, रुसवे एक्सेलमध्ये धरलेले नसतात.