प्रतिसाद: मुलीला ख्रिस्ती संस्थेत नर्सिंगला पाठवावं का

दादा, "तिथं धर्म बदलायला लावतील का" ही तुमची काळजी समजते. माझ्या आईलाही हीच होती. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, शिकले ख्रिस्ती संस्थेत. सकाळी प्रार्थना असायची, आम्ही शांत बसायचो. हॉस्टेलात संकष्टीचा उपवासही सुटला नाही. शिस्त मात्र कडक. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही तर सिस्टर अख्खा बेड पुन्हा करायला लावायच्या. आज वॉर्डात रात्रपाळीला एकटी उभी राहते ती त्याच सवयीवर.

आपल्याकडं हे शिक्षण आणलं ते बव्हंशी मिशनऱ्यांनीच. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारला, पुढं तिथंच नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) नर्सिंग शाळा १९०९ ची, पदवी अभ्यासक्रम १९४६ पासून.

खरी अडचण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेची आहे, त्याबद्दल इथं कुणी बोललंच नाही. मिरजेत शिकली तर नर्स म्हणून नोंदणी महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलकडे होणार. बेळगावात नोकरी करायची तर कर्नाटकच्या कौन्सिलकडेही नोंदणी लागते. त्या कागदपत्रांत माझ्या मैत्रिणीचे कित्येक महिने गेले. प्रवेशाआधीच हे विचारून घ्या. बी.एस्सी. चार वर्षांची, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवंच.

आणि तिला कन्नड शिकवा हो. कळवळणारी म्हातारी कुठं दुखतंय ते तिच्याच भाषेत सांगणार.