मदत हवी आहे: स्कूटरवर बसणाऱ्या १४ किलोच्या गावठी कुत्र्याला बुलेटवर कसं न्यावं?

पायदान:
कुत्रा गावठी, नर, वय ३, वजन १४ किलो. खांद्यापाशी उंची ४८ सेंमी, मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी ५० सेंमी. स्कूटरच्या पायदानावर बसून दोन-तीन किलोमीटर फिरायची सवय आहे. किल्ली वाजली की दारात हजर. आता बुलेटवर (रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०) पुणे ते वाई-पाचगणी न्यायचा विचार आहे. त्याला दोन महिने अवकाश आहे.

टाकीवर बसवावा की मागे? बाजारातल्या पेट-बॅगा मांजराएवढ्या जिवासाठी असतात, मग डबा बनवून घ्यायचा तर मापं काय? पट्टा कशाला अडकवायचा? उन्हाचं काय? आणि पोलीस अडवतात का?

तिरका स्टँड:
टाकीवर नको. फोटोत छान दिसतं, पण यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळलं की ते कुत्र्याच्या बरगड्यांना लागतं. मग एकतर कुत्रा सरकतो, नाहीतर तुम्ही हँडल अर्धवट सोडता. जोरात ब्रेक दाबला की टाकीच्या गुळगुळीत पत्र्यावर नखं काही धरत नाहीत, तो थेट हँडलवर जातो. सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाची सगळी धग वर येते. तुमच्या मांड्यांना ती जेवढी लागते तेवढीच त्याच्या पोटाला, आणि पोटावर केस विरळ असतात.

पाठीवरची सॅक ६-७ किलोपर्यंत ठीक. १४ किलो खांद्यावर आले की वजन वर जातं, हळू वेगात गाडी कलते आणि तासाभरात खांदे बोलायला लागतात. शिवाय तुम्ही पाठीवर पडलात तर खाली तो.

तेव्हा पिलियन सीट (मागच्या माणसाची) काढून तिथे डबा. स्कूटरवर हा त्रास नसतो, कारण वजन खाली असतं आणि दोन्ही पायांची भिंत असते. त्यामुळे स्कूटरवर शहाणा असणारा कुत्रा बुलेटवर तसाच वागेल हे गृहीत धरू नका.

खटपट्या:
सर्वात स्वस्त उपाय म्हणजे भाजीबाजारातला टोमॅटोचा प्लॅस्टिक क्रेट. साधारण ५४ × ३६ × २९ सेंमी, वजन दीड-दोन किलो, जाळीदार, धुवायला सोपा. खाली प्लायची फळी, चारही कोपऱ्यांत बोल्ट आणि रुंद वॉशर. वॉशर बारीक घेतला तर प्लॅस्टिक फाटून बोल्ट आरपार निघतो.

सांधेवाला:
@खटपट्या, ९-१० किलोच्या बीगलला क्रेट चालेल, या कुत्र्याला नाही. आतून तो ५० × ३२ च्या आसपासच भरतो. ५० सेंमी पाठीचा कुत्रा त्यात बसेल, पण अंग मुडपल्याशिवाय आडवा होणार नाही, आणि तासाभराच्या प्रवासात त्याला आडवं व्हायचंच असतं. अवघडला की चुळबुळ करतो, आणि मागची चुळबुळ हँडलला जाणवते.

@पायदान, तुमच्यासाठी आतून ६० × ४२ सेंमी. तळाला १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय (आयएस ७१० छाप बघून घ्या, साधा कमर्शियल प्लाय एका पावसात फुगतो). सांगाडा २० × २० मिमी लोखंडी चौकोनी पाइपचा. बाजू ६ मिमी प्लायच्या, २५ सेंमी उंच, प्रत्येक बाजूला हवेसाठी चार-पाच भोकं. तुमच्या पाठीकडची बाजू मात्र १५ सेंमीच ठेवा, त्याला तुमची पाठ दिसत राहिली की तो शांत बसतो. सगळं मिळून ६-७ किलो होतं, कुत्रा धरून २१. पिलियन माणसाच्या मानाने हे काहीच नाही.

आता खरी गोम. हे २१ किलो पिलियनच्या जागी बसले पाहिजेत, मागच्या कॅरिअरवर नव्हे. टॉप बॉक्सच्या रॅकची क्षमता बहुतेक ५ ते १० किलोच असते. डब्याचा मध्य मागच्या चाकाच्या अक्षाच्या वर किंवा पुढे हवा. तो मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि ५०-६० च्या वेगात हँडल डुलायला लागतं. लोक मग टायरला दोष देतात.

सांगाडा सबफ्रेमला (सीटखालच्या लोखंडी चौकटीला) बांधा: पिलियन सीटच्या बोल्टच्या जागा आणि बॅकरेस्ट बसतो त्या जागा. मडगार्डच्या पत्र्याला भोकं पाडू नका, पत्रा चिरतो. एम-८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट, खालून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सहज न सुटणारा). बोल्टचं गोल डोकं आतल्या बाजूला, नट बाहेर, म्हणजे कुत्र्याच्या पायाला काही लागत नाही. तळावर ६ मिमी रबरी मॅट, कडेने पट्टी मारून घट्ट केलेली. योगा मॅट घालू नका, ओली झाली की सरकते आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्याने खाल्लेली असते.

मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोन टप्पे वाढवा (एकूण ६ असतात) आणि टायरची हवा पुस्तिकेतल्या डबलसीटच्या आकड्याप्रमाणे भरा.

कडी-कोयंडा:
पट्ट्याबद्दल. गळपट्ट्याला अजिबात नाही. उडी मारली किंवा घसरला तर सगळं वजन श्वासनळीवर येतं, आणि बाहेर लोंबकळला तर फास. छातीवर बसणारा हार्नेस घ्या, पुढून इंग्रजी वाय अक्षरासारखा, पाठीवर धातूची कडी असलेला. त्या कडीची शिलाई बघा. पट्टी नुसती चिकटवलेली नको, चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी. प्लॅस्टिकचं बकल एकच असेल तर तो हार्नेस फिरायला ठीक, गाडीवर नाही.

कडीपासून दोन पट्टे, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही डब्याच्या तळाच्या सांगाड्याला, प्लायच्या भिंतीला नव्हे. एकच पट्टा लावला की कुत्रा त्याच्याभोवती गोल फिरतो आणि एका बाजूने बाहेर झुकता येईल इतकी ढील त्याला मिळतेच. पट्ट्यांना स्क्रूचं कॅराबिनर (गिर्यारोहक वापरतात ती स्क्रू फिरवून बंद होणारी कडी) लावा. साखळीसोबत येणारा स्प्रिंगचा हूक ओतीव धातूचा असतो, झटक्याने तुटतो किंवा डब्याच्या कडेला दबून आपोआप उघडतो. सामान बांधायची इलॅस्टिकची दोरीही नको: नेमकी ब्रेकच्या वेळीच ताणते.

पायदान:
पट्ट्याची लांबी कशी काढायची? आणि एक शंका: गाडी पडली तर बांधलेला बरा की मोकळा?

कडी-कोयंडा:
डब्यात त्याला बसवून मोजा. कुत्रा बसला तरी पुढचे पाय सरळच असतात, म्हणून पाठीच्या कडीची उंची उभं असतानाइतकीच भरते, तुमच्याकडे साधारण ४६ सेंमी. तळाची कडी मध्यापासून २० सेंमी बाजूला असेल तर तिरकं अंतर ५० येतं. पट्टा कॅराबिनर धरून ५० ते ५२. यात तो बसेल, आडवा होईल, जागेवर उभाही राहील, पण पुढचे पाय डब्याच्या काठावर ठेवू शकणार नाही. पाय काठावर आले की पुढची पायरी उडीच असते. आडवा झाल्यावर पट्टे ढिले पडतात, पाय अडकू नये म्हणून ते नळीत घाला. बागेच्या पाइपचा तुकडा चालतो.

दुसऱ्या शंकेबद्दल: बांधलेला. हळू वेगात गाडी आडवी झाली तर लेग गार्ड आणि डब्याची भिंत मिळून मधे जागा राहते. मोकळा कुत्रा मागून येणाऱ्या गाडीसमोर पडतो, आणि वाचला तरी भेदरून पळतो. हायवेवर पळालेला कुत्रा सापडणं अवघड.

चौपाया:
मागे बसला की उष्णतेची काळजी कमी, असं नाही. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी धग धापा टाकूनच बाहेर जाते. अंगाचं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस हे ठीक. ४० च्या वर गेलं की धोका सुरू. वाऱ्यामुळे तुम्हाला गार वाटतं, पण ३८ अंशांची हवा त्याला गार करत नाही. मार्च ते मे सकाळी ६ ला निघून १० च्या आत पोहोचा. पग, शिह त्झू, बुलडॉग असले चपट्या नाकाचे असते तर उन्हाळ्यात नेऊच नका म्हटलं असतं. गावठीचं नाक लांब, त्यामुळे तेवढी सवलत.

दर ३०-४० मिनिटांनी सावलीत थांबा. उतरवण्याआधी हाताची मागची बाजू ५-७ सेकंद डांबरावर टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही नाही. दिवसाचं पाणी किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे १४ किलोला पाऊण लिटरच्या आसपास, उन्हात त्याहून जास्त. एका वेळी थोडं द्या. जेवण निघण्याआधी ३-४ तास. भरल्या पोटी घाटात ओकतो. तरीही ओकत असेल तर उलटीचं गोळी-औषध डॉक्टरांकडूनच, माणसाचं नाही.

हिरड्या गडद लाल, लाळ चिकट आणि दोरीसारखी, चाल डगमगती असं दिसलं तर तो उष्माघात. सावलीत आणा, पोटावर आणि मांड्यांच्या आत नळाचं साधं पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आत वाफ कोंडते. सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टरांकडे न्या, मूत्रपिंडावरचा परिणाम नंतर दिसतो.

डोळ्यांना कुत्र्यांचा गॉगल हवाच. ऊस गाळपाच्या हंगामात ट्रॉल्यांवरून पाचटाचे तुकडे उडत असतात, एक डोळ्यात गेला की बुबुळाला ओरखडा. गॉगल घरात लावायला शिकवा: पहिले तीन दिवस नुसता हुंगायला, मग पाच सेकंद, मग खाऊ देत देत पाच मिनिटं. तुमच्या कुत्र्याचे कान ताठ असतील तर ते सोडून द्या. लोंबत्या कानांचे असतील तर फडफडून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, त्यांना कापडी पट्टी लागते.

गल्लीबोळ:
सवयीबद्दल कोणी बोललं नाही, आणि अर्ध्याहून जास्त काम तेच आहे. गाडीची आवड आणि डब्यात बसून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्याला एकच शिकवायचं आहे: गाडी थांबली म्हणजे उतरायचं नाही, शब्द ऐकला की उतरायचं. स्कूटरवर बहुतेक कुत्री थांबताक्षणी उडी मारतात आणि आपण हसतो. बुलेटवर तीच उडी सिग्नलला होते.

डबा आधी घरात जमिनीवर. चार-पाच दिवस जेवण त्यातच. मग बंद गाडीवर, मेन स्टँडवर, पट्टे लावून दोन मिनिटं. मग दहा. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवर. बुलेटचा ठोका स्कूटरपेक्षा वेगळा, आणि डब्याच्या तळातून तो थेट पंजांना लागतो. इथे शेपूट खाली, जांभया, ओठ चाटणं दिसलं तर एक पायरी मागे या. मग सोसायटीत एक फेरी. 'चल' या शब्दाशिवाय पट्टा एकदाही सोडायचा नाही, घाईत असाल तेव्हाही नाही. आठवडाभरात जमेल अशी घाई करू नका, तुमचे दोन महिने योग्य आहेत.

आणि गल्लीतली कुत्री! डब्यात कुत्रा दिसला की ती दुप्पट चवताळून मागे लागतात. वेग वाढवला की पाठलाग वाढतो, तुमचाही आत उसळतो. वेग एकसारखा ठेवा, हॉर्न नको, सरळ जात राहा, त्यांची हद्द संपली की ती थांबतात. निघण्याआधी त्याला चांगला फिरवून आणा, निम्मी उसळी तिथेच उतरते.

कलमदान:
पोलिसांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ जादा माणसाबद्दल आहे, कुत्र्याबद्दल नाही. पण चालवणं धोकादायक दिसलं तर कलम १८४ लावता येतं, आणि टाकीवर मोकळा बसलेला कुत्रा तसा दिसतोच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, प्राण्याला त्रास होईल अशा रीतीने वाहनातून नेणं हा गुन्हा आहे. चांगला डबा आणि हार्नेस हेच तुमचं उत्तर. रेबीज लसीची नोंद आणि महापालिकेचा परवाना मोबाइलमध्ये ठेवा. साइडकार जोडायचा मोह झाला तर आधी आरटीओकडून आरसीवर नोंद लागते.

खटपट्या:
क्रेटबद्दल मान्य, मोठ्या कुत्र्याला तो पुरत नाही.

रस्त्याबद्दल: सातारा हायवेने सरळ गेलात तर ट्रकच्या बाजूच्या वाऱ्याचे झोत आणि खंबाटकी घाट. त्यापेक्षा कापूरहोळला आत वळून भोर, मांढरदेव, वाई. वळणं जास्त, पण ४० च्या वेगात चालवायला हाच रस्ता बरा. वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात माकडं असतात, तिथे फोटोला थांबू नका. थांबलात की माकडं डब्यावर येतात.

पायदान:
मनःपूर्वक आभार. डबा या आठवड्यात बनवायला टाकतो. शेवटचं: एकट्याने चढवायचं कसं?

सांधेवाला:
गाडी मेन स्टँडवर, सपाट आणि पक्क्या जमिनीवर. साइड स्टँडवर चढवू नका, तो हलला की मऊ मातीत स्टँड रुततो आणि गाडी जाते. डावीकडून उचलून ठेवा, कारण सायलेन्सर उजवीकडे आहे. उतरतानाही डावीकडेच. दोन्ही पट्टे लावा, कॅराबिनरचा स्क्रू फिरवलाय का ते बघा, मगच तुम्ही बसा. मागून टांग टाकता येणार नाही, लाथ त्याच्या तोंडावर बसेल. गुडघा दुमडून पाय सीटच्या पुढून न्यायची सवय करा. बसल्यावर पुढे झोका देऊन गाडी स्टँडवरून काढा, पुढचा ब्रेक तयार ठेवून.

पण त्याआधी १५ किलो तांदळाची गोणी डब्यात बांधून ५० किलोमीटर चालवा. खड्डे, स्पीडब्रेकर, एक जोरात ब्रेक, सगळं करून बघा. परत आल्यावर सगळे नट पान्याने तपासा. पहिल्या ५० किलोमीटरमध्ये प्लाय दबतो आणि नट पाव-अर्धा फेरा तरी घेतात.