मदत हवी आहे: टायट्रेशनचं वाचन १० ऐवजी ७.६ येतंय

घाईत_आहे
उद्या सकाळी जर्नल द्यायचंय आणि टायट्रेशनमध्ये (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून तीव्रता काढतात ते) दोन दिवस एकाच जागी अडकले आहे. कृपया लवकर सांगा.

०.१ मोलर (लिटरमध्ये ०.१ मोल, म्हणजे रेणुवस्तुमानाच्या दहाव्या भागाइतके ग्रॅम) सोडिअम हायड्रॉक्साइड केलं, ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड केलं. १० मिलीला १० मिली लागायला हवं. मला ७.६ लागतंय. पुन्हा केलं, ७.६. ब्युरेट (थेंबथेंब सोडायची खुणांची नळी) बदलली, तरी ७.६. चूक कुठे आहे?

प्रयोगशाळेतला
सोडिअम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या उघड्यावर तोलल्या असणार. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. गोळी कागदावर ठेवून वजन लिहीपर्यंत ती चकचकीत ओली होते, हवेतली वाफ ओढून घेते. वर कार्बन डायऑक्साइडही शोषते आणि पृष्ठभागावर सोडिअम कार्बोनेट तयार होतं. म्हणजे काट्यावर १ ग्रॅम दिसलं तरी त्यात १ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड नसतंच. नवी बाटली उघडा, झटपट तोला.

ठिपका
आधी माहिती द्या, मग निदान. ब्युरेटमध्ये काय होतं? दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा) कोणता? किती ग्रॅम कशात विरघळवलं?

घाईत_आहे
ब्युरेटमध्ये सोडिअम हायड्रॉक्साइडच, दुसरं काय असणार. पुस्तकात दिलंय तसंच सगळं केलंय. रंग बदलला की थांबले.

ठिपका
कोणता रंग? याच्यावर सगळं अडलंय. मिथिल ऑरेंज वापरलं असेल तर कोडं इथेच सुटलं. ऑक्झॅलिक ॲसिडचे दोन हायड्रोजन दोन टप्प्यांत निघतात. दुसऱ्याचा पीकेए (ज्या पीएचला तो अर्धा निघालेला असतो तो आकडा) साधारण ४.२ आहे. बरोबर १० मिलीला संपणाऱ्या टायट्रेशनमध्ये ७.५ मिलीपाशी दुसरा हायड्रोजन अर्धा निघालेला असतो, म्हणजे पीएच ४.२ च्या आसपास. आणि मिथिल ऑरेंज रंग बदलतं ३.१ ते ४.४ मध्ये! तुमचं ७.६ नेमकं तिथेच बसतं. फिनॉल्फ्थॅलिन घ्या. त्याचा पल्ला ८.२ ते १० आणि या अभिक्रियेचा तुल्यता बिंदू (सगळं ॲसिड नेमकं संपतं ती जागा) ८ च्या थोडा वर असतो.

घाईत_आहे
फिनॉल्फ्थॅलिनच होतं. दोन थेंब. एका थेंबाने गुलाबी झालं आणि गुलाबी राहिलं.

ठिपका
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मग माझं निदान बाद. मिथिल ऑरेंज असतं तर रंग लाल, नारिंगी, पिवळा असा रेंगाळत गेला असता. एका थेंबात उडी मारली नसती.

पारा८०
सर्वांना एक विनंती. द्रावण सौम्य करताना नेहमी ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. संहत (पातळ न केलेलं) सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता निघते. पाणी वरून पडलं तर ते हलकं असल्याने वरच राहतं, तिथेच उकळतं आणि ॲसिड अंगावर उडतं.

ब्युरेटवाली
पारा८०, बरोबर आहे, पण इथे संहत ॲसिड कुणी घेतलेलंच नाही. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक आहेत.

@घाईत_आहे, भांडी कशी धुतलीत? पिपेट (ठरावीक माप ओढून घ्यायची नळी) पाण्याने धुऊन तशीच ॲसिडमध्ये बुडवली तर आतल्या पाण्याने ॲसिड पातळ होतं आणि वाचन कमी येतं. कॉनिकल फ्लास्क ॲसिडने धुतला तर आत जास्तीचं ॲसिड राहतं, वाचन वाढतं. पिपेट आणि ब्युरेट ज्याचं द्रावण त्यानेच धुवायची, फ्लास्क फक्त पाण्याने. आणि ब्युरेटच्या तोंडावर फनेल विसरला होतात का? त्यातून एखादा थेंब गळतो.

घाईत_आहे
पिपेट ॲसिडनेच धुतली. फनेल काढला होता. तोंडाने ओढताना खूण नीट पाहिली.

ब्युरेटवाली
तोंडाने?! ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. रबरी बल्ब वापरा, आजपासून. वाचन चुकलं तर पुन्हा घेता येतं.

प्रयोगशाळेतला
मी पुन्हा तेच सांगतो, गोळ्या ओल्या झाल्या. किती ग्रॅम तोललं ते अजून सांगितलेलंच नाही.

मोल
प्रयोगशाळेतले दादा, गोळ्या ओल्या होतात हे शंभर टक्के खरं, पण दिशा बघा. गोळ्या ओल्या झाल्या तर द्रावण कमी तीव्र होईल. ब्युरेटमधलं द्रावण कमी तीव्र असेल तर ते जास्त ओतावं लागेल, १० च्या वर. इथे १० च्या खाली आलंय. कार्बोनेटनेही तेच होतं. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी येतो तेव्हा कार्बोनेट बायकार्बोनेटपाशीच थांबलेलं असतं, एकच हायड्रोजन घेतं. वाचन वाढतं, घटत नाही.

७.६ खरं मानलं तर सोडिअम हायड्रॉक्साइड ०.१३ मोलर निघतं. तोललं त्यापेक्षा जास्त ते येणार कुठून? म्हणजे दोष ॲसिडच्या बाजूला आहे. ॲसिड ०.०५ पेक्षा कमी आहे.

प्रयोगशाळेतला
द्रावण गरम असताना खुणेपर्यंत भरलं असेल तर? सोडिअम हायड्रॉक्साइड विरघळताना भांडं तापतं. थंड झाल्यावर द्रावण आकसतं आणि तीव्रता वाढते. ही तुमच्याच दिशेची चूक झाली की नाही?

मोल
दिशा बरोबर, पण आकार बघू. एक मोल विरघळताना साधारण ४४.५ किलोजूल उष्णता निघते. समजा २५० मिली केलं असेल, तर त्यासाठी ०.०२५ मोल लागतो, म्हणजे १.१ किलोजूल. सगळी उष्णता त्या २५० मिली पाण्यातच राहिली तरी तापमान १ अंशाने चढेल. तेवढ्याने २५० मिलीत ०.१ मिलीचासुद्धा फरक पडत नाही. आपल्याला २४ टक्क्यांची तफावत समजावून घ्यायची आहे. संहत द्रावण करताना मात्र तुमचा मुद्दा अगदी खरा आहे. तिथे थंड होऊ देऊनच खूण गाठायची.

अर्धविराम
विषय निघालाच आहे तर विचारतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड १०⁻⁸ मोलर असेल तर पीएच ८ येतो का? मग ॲसिड असूनही आम्लारी कसं?

मोल
नाही येत. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरायला हवेत. २५ अंशाला शुद्ध पाण्यातच ते १०⁻⁷ मोलर असतात. दोन्ही मिळून हिशेब केला की १.०५ × १०⁻⁷ निघतं, पीएच ६.९८. कितीही पातळ करा, ॲसिड ७ च्या पलीकडे जात नाही. यासाठी वेगळा धागा काढा, छान चर्चा होईल.

पारा८०
पीएचची कल्पना सोरेनसेन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. बियरच्या कारखान्याची प्रयोगशाळा होती ती.

घाईत_आहे
मला फक्त चूक सांगा!! सोडिअम हायड्रॉक्साइड १.००० ग्रॅम, २५० मिलीत. ऑक्झॅलिक ॲसिड १.१२५ ग्रॅम, २५० मिलीत. रेणुवस्तुमान ९०, ते ०.०१२५ ने (०.०५ गुणिले ०.२५ लिटर) गुणलं. पूर्ण विरघळलं होतं, तळाशी एक कणही नव्हता. हिशेब तीनदा तपासला.

ब्युरेटवाली
९०? बाटलीवर काय लिहिलंय ते अक्षरशः वाचून सांगा.

मोल
सापडलं. घाईत_आहे, बाटली हातात घ्या. रेणुवस्तुमान १२६ असेल आणि नावापुढे डायहायड्रेट असेल.

घाईत_आहे
बाटली कपाटातून काढून आणली. लेबलवर द्रवाचा ओघळ गेलाय, "डाय" एवढंच दिसतं, पुढचं पुसलंय. पण खाली लहान अक्षरांत १२६.०७ आहे. मी सूत्रावरून ९० काढलं होतं. १२६ कशाला?

मोल
प्रयोगशाळेत नेहमी मिळणाऱ्या ऑक्झॅलिक ॲसिडच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. ते स्फटिकजल. स्फटिक हाताला कोरडा लागतो, ओला दिसत नाही, पण त्याच्या वजनात ३६ भाग पाणी आहे. ९० अधिक ३६, म्हणून १२६. तुम्ही तोललेल्या १.१२५ ग्रॅमपैकी ०.३२ ग्रॅम पाणीच होतं.

आता हिशेब. १.१२५ भागिले १२६.०७ म्हणजे ०.००८९२ मोल. २५० मिलीत ०.०३५७ मोलर. त्यातले १० मिली घेतले की ०.३५७ मिलीमोल, दोन हायड्रोजन धरून ०.७१४. ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड असेल तर ७.१४ मिली लागेल.

ठिपका
७.१४, पण आलंय ७.६. अर्ध्या मिलीचा फरक उरतोच.

मोल
आणि तिथे प्रयोगशाळेतले दादा बरोबर आहेत. ०.७१४ भागिले ७.६ म्हणजे ०.०९४. द्रावण ०.१ नसून ०.०९४ मोलर आहे, सहा टक्के कमी. गोळ्यांनी ओढलेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तो हाच. दोन चुका उलट्या दिशांच्या होत्या, म्हणून आकडा कशाशीच जुळत नव्हता.

प्रयोगशाळेतला
म्हणूनच सोडिअम हायड्रॉक्साइडला प्रमाण पदार्थ मानत नाहीत. ऑक्झॅलिक ॲसिड तोलून प्रमाण करायचं आणि त्यावरून सोडिअम हायड्रॉक्साइडची तीव्रता काढायची. १० यायलाच हवं अशी अपेक्षा धरून बसायचं नाही. मी स्वतः पोटॅशिअम हायड्रोजन थॅलेट घेतो. रेणुवस्तुमान २०४.२२, स्फटिकजल नाही, हायड्रोजन एकच. असा घोळ होण्याची शक्यताच राहत नाही.

ब्युरेटवाली
विद्यार्थ्याच्या कपाटात ऑक्झॅलिक ॲसिड आहे, दादा. थॅलेट चांगलंच, पण आज रात्री कुठून आणणार? @घाईत_आहे, १.५७६ ग्रॅम (१२६.०७ गुणिले ०.०१२५) तोला, नव्याने २५० मिली करा. सोडिअम हायड्रॉक्साइड तेच ठेवा, बदलू नका. हिशेब खरा असेल तर १०.६ च्या आसपास येईल.

घाईत_आहे
केलं. १०.६, १०.६, १०.७. रबरी बल्बने. पहिल्या वेळी हळूहळू ९ पर्यंत आले तेव्हा प्रत्येक थेंबाला गुलाबी ठिपका उमटून फ्लास्क फिरवताच नाहीसा होत होता, आणि १०.६ ला अख्खा फ्लास्क फिकट गुलाबी झाला. अर्ध्या मिनिटाने थोडा फिका पडला. हे चुकलं का? आणि जर्नलमध्ये १०.० लिहू की १०.६?

ठिपका
चुकलं नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू विरघळतो आणि पीएच खाली येतो, म्हणून रंग जातो. अर्धा मिनिट टिकला तर तोच शेवट. पुन्हा थेंब घालत बसू नका.

मोल
१०.६ लिहा. सोडिअम हायड्रॉक्साइडची तीव्रता ०.०९४ मोलर लिहा आणि ती कशी काढली तेही. पहिलं ७.६ सुद्धा खोडू नका, शेजारी कारण लिहा. तपासणाऱ्याला त्यातून जे कळेल ते १०.० मधून कधीच कळणार नाही.

प्रयोगशाळेतला
उरलेलं सोडिअम हायड्रॉक्साइड काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नका, बूच कायमचं चिकटतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत, घट्ट झाकणाने. आणि ब्युरेटची तोटी काचेची असेल तर आत्ताच पाण्याने धुऊन काढा, उद्यावर टाकू नका.