मराठी–कन्नड पाळणाघर: शिक्षिका आधी की जागा आधी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. आम्ही सात कुटुंबे मिळून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांचे पाळणाघर सुरू करण्याच्या विचारात आहोत. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरचे आजी-आजोबा निपाणी, संकेश्वर भागातले असून ते नातवंडांशी कन्नडमध्ये बोलतात आणि नातवंडे मात्र उत्तर मराठीत देतात. आणखी दहा वर्षांनी तेवढेही उरणार नाही, ही आमची खरी काळजी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानी वस्तीत ‘निहोनमाची लिटल फ्रेंड्स’ हे जपानी–इंग्रजी बालसंगोपन केंद्र १९७५ साली स्थापन झाल्याचे वाचनात आले. ते कशाच्या बळावर वाढले? आमच्याकडची थोडी रक्कम आधी शिक्षिकेच्या मानधनासाठी राखावी की जागेसाठी?

उत्तर १

ताई, त्या केंद्राची गोष्ट मुळात जागेचीच आहे. ज्या इमारतीत ते चालते, ती वास्तुविशारद जूलिया मॉर्गन यांनी आखली आणि १९३२ मध्ये जपानी वायडब्ल्यूसीएसाठी (तरुण ख्रिस्ती महिलांच्या संघटनेसाठी) उभी राहिली. तिच्यासाठी पैसा गोळा केला तो जपानहून आलेल्या पहिल्या पिढीच्या बायकांनी. परंतु कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परदेशी लोकांना जमीन घेण्यास मनाई असल्यामुळे मालकी शहराच्या वायडब्ल्यूसीएच्या नावावर, विश्वस्त या नात्याने, ठेवण्यात आली. पुढे १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतले दोन तृतीयांश जन्मानेच अमेरिकन नागरिक होते, छावण्यांत डांबले गेले. त्यानंतर अनेक घरांत आईवडिलांनी मुलांशी जपानी बोलणेच सोडले. असे केंद्र काढण्याची गरज त्या तुटलेल्या धाग्यातूनही आली, असे मला वाटते.

केंद्र या इमारतीत भाडेकरू होते. १९९६ मध्ये इमारत विक्रीस निघाल्यावर समाजातील मंडळींनी न्यायालयात दाद मागितली, आणि ही वास्तू जपानी समाजासाठी विश्वासाने सांभाळलेली आहे हे दाखवायला जुन्या सभांची इतिवृत्ते उपयोगी पडली. २००२ मध्ये तडजोड होऊन ती केंद्राच्या मालकीची झाली. कित्येक दशकांपूर्वी कोणीतरी सभेचे टिपण नीट लिहून ठेवले, म्हणून आजची मुले तिथे खेळत आहेत.

उत्तर २ (मंगळवार पेठ, बालवाडी चालिका)

वरील माहिती मोलाची आहे, तरीही मी आधी शिक्षिकाच म्हणेन. माझ्या बालवाडीत एक लहान मुलगी महिनाभर गप्प बसून असे. एके दिवशी ती हळूच “नीरु बेकु” म्हणाली, आमच्या मदतनीस मावशींनी कन्नडमध्येच उत्तर देत तिला पाणी दिले, आणि त्या दिवसापासून ती बोलू लागली. तेव्हा कन्नड ही आठवड्यातून दोनदा शिकवण्याचा विषय ठेवू नका. जेवण, झोप, रडणे, भांडण हे सारे ज्या भाषेत होते तीच मुलाची होते. एक ताई दिवसभर कन्नडच बोलतील आणि दुसऱ्या मराठीच, असे ठरवून घ्या. आपल्याकडे अंगणवाड्यांची योजनाही २ ऑक्टोबर १९७५ लाच सुरू झाली आणि ती गावोगाव उभी राहिली ती सेविका व मदतनीस यांच्या कष्टांवर.

उत्तर ३

दोन्ही म्हणणी मान्य करून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला, त्यात जागा आणि इमारतींचाही वाटा होता, हे आपल्या शहराने पाहिलेले आहे. तुम्ही जागा आज विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. परंतु देणगी स्वीकारण्यापूर्वी सार्वजनिक न्यासाची नोंदणी करा. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यातील कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. एखाद्या सज्जन गृहस्थाच्या वैयक्तिक नावावर ठेवलेल्या जागेला हे संरक्षण नसते, आणि पुढे त्यांचे वारस काय करतील हे कोणी सांगू शकत नाही.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. सध्या एका कुटुंबाने आपला तळमजला विनामूल्य देऊ केला आहे आणि आम्ही तो तोंडी शब्दावरच घेणार होतो. आता रविवारच्या बैठकीत लेखी करार आणि न्यासाची नोंदणी हे दोन विषय पहिले ठेवले असून इतिवृत्त मी स्वतः लिहिणार आहे. सकाळी नऊ ते एक कन्नड बोलू शकतील अशा कोणी ताई आपल्या ओळखीत असल्यास कृपया इथेच कळवावे.