पार्श्वभूमीचा रंग आणि साडीचा रंग

‘संकेतस्थळावरील लाल बटणामुळे खरेदी वाढते’ असे एक मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. कपड्यांच्या संकेतस्थळावर गिऱ्हाईक मुळात कापडाचा रंग पाहायला येते, म्हणूनच बहुतेक दुकाने पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकट राखाडी ठेवतात. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यातील रंगाईचे प्रमुख शेव्रल यांनी १८३९ मध्येच मांडले होते, की शेजारच्या रंगामुळे धाग्याचा रंग वेगळा भासतो. धूपछाँव, म्हणजे घडीघडीला दोन छटा दाखवणाऱ्या पैठणीचे तर आणखीच अवघड, कारण तिचा ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, पण सपाट छायाचित्रात एकच छटा उमटते. मी मोरपंखी समजून मागवलेली साडी घरी आल्यावर चक्क जांभळट निघाली. निऱ्यांचे एक जवळचे छायाचित्र असते, तर मी ती मागवलीच नसती.