मागची सीट अरुंद असली तरी

एक्स्टेंडेड कॅबमध्ये (पुढच्या सीटमागे छोटी सीट असलेल्या पिकअपमध्ये) मागे जागा पुरत नाही, म्हणून बाळाची सीट पुढे लावू का, असं तुम्ही विचारलंय. पुढची एअरबॅग बंद करता येत नसेल तर मागे तोंड असलेली सीट तिथे अजिबात लावू नका. एअरबॅग उघडली की बाळाच्या डोक्यामागेच आदळते. मागच्या सीट घडीच्या, बाजूला तोंड असलेल्या असतील तर त्यांवरही नको.

आमची पुढे तोंड असलेली सीट मागे बसली, पण बाळाच्या सीटच्या वरच्या पट्ट्याचा हूक कुठे अडकवायचा तेच कळेना. गाडीच्या मागच्या सीटची पाठ पुढे पाडली तेव्हा कापडी लूप दिसला. बऱ्याच पिकअपमध्ये पट्टा त्यातून ओवून शेजारच्या अँकरला (पट्टा अडकवायच्या पक्क्या जागेला) लावतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघाच. मग बाळाची सीट बेल्ट जातो तिथे धरून हलवा, १ इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळा.