चिंगीच्या टाक्यांपाशी फुगवटा आलाय, आजच डॉक्टरकडे नेऊ का?

सुपारीवाडी
आमचं घर गुहागरच्या बाजूला. चिंगी आमची कुत्री, सात महिन्यांची, गावठी. परवा चिपळूणला नेऊन तिची नसबंदी करून आणली. पहिली रात्र नुसती पडून होती, थोडी पेज चाटली एवढंच. आज मात्र अंगणात कोंबड्या दिसल्या की उसळतेय. दुपारी पाहिलं तर टाक्यांच्या खालच्या टोकाला सुपारीएवढा मऊ फुगवटा. लाल नाही, काही वाहत नाही, खातेपितेय. डॉक्टरांचा फोन लागत नाही, पाऊस धरला की इथली रेंज जातेच. सासूबाई म्हणतात हळद आणि खोबरेल लाव. मला सगळ्यात धास्ती माश्यांची आहे, गेल्या पावसाळ्यात वाडीतल्या एका कुत्र्याच्या जखमेत किडे पडले होते, ते डोळ्यांसमोरून जात नाही. त्यात टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन बघून येणारा-जाणारा म्हणतो, काढ गं, बिचारीला त्रास होतो. रात्रीच गाडी काढू का?

वेंगुर्ल्याची मावशी
ताई, कोणी कितीही सांगो, कोन काढू नका. रात्री तर नाहीच, सगळे झोपलेले असताना टाके उसवायला तिला पाच मिनिटं पुरतात. कोनाची कड नाकाच्या दोन बोटं पुढे आहे ना, तेवढं बघा. जेवताना अडत असेल तर ताटली पाटावर ठेवा, किंवा स्वतः समोर बसून तेवढ्यापुरता काढा आणि तिने तोंड पुसायच्या आत परत घाला.

फुगवट्याबद्दल. वरून दिसतात ते फक्त कातडीचे टाके. त्यांच्या खाली पोटाच्या स्नायूंचे वेगळे टाके असतात. पिल्लू उड्या मारतं तेव्हा कातडी आणि स्नायू एकमेकांवर घासतात आणि मधल्या जागेत पाणी साचतं. असा फुगवटा मऊ असतो, दुखत नाही, आणि पिल्लू शांत राहिलं की बहुतेक वेळा आपोआप जिरतो. पण आतला टाका सुटूनही गाठ येऊ शकते आणि त्यातला फरक आपल्याला घरी सांगता येत नाही. म्हणून दाबून बघू नका, सुई तर अजिबात टोचू नका. आत्ता एक फोटो काढा, झोपताना त्याच बाजूने दुसरा. वाढला नसेल तर सकाळी डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

रात्रीच निघायचं ते कधी? गाठ भराभर वाढली, कडक किंवा गरम लागली, टाक्यांतून रक्त किंवा पू आला, वास आला, कड उघडली, सारख्या उलट्या झाल्या, किंवा हिरड्या पांढुरक्या पडून ती मलूल झाली तर. हिरडीचा रंग आत्ताच एकदा बघून ठेवा, म्हणजे बदल कळेल.

हळद-तेल नको. सासूबाई मायेनेच सांगताहेत, पण तेलाने जखम ओली राहते, धूळ चिकटते आणि पिल्लू चाटायला धावतं. डेटॉलही नको. घरातलं पॅरासिटामॉल, आयब्रुफेन तर चुकूनही नको. आयब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तेवढंच, तेही खाल्ल्यावर.

जांभाचिरा
माश्यांची भीती रास्त आहे. ती हिरवट चमकणारी माशी ओलसर जखमेवर अंडी घालते आणि दिवसभरात ती फुटतात. आमच्याकडे आम्ही पिल्लाला सारवलेल्या पडवीत न ठेवता आतल्या खोलीत लादीवर ठेवतो, खाली सुती चादर, वर पंखा. पंख्याखाली माशी बसत नाही. शी-शूला दोरीला धरून छत्रीखाली न्यायचं आणि आल्यावर पोट कोरड्या फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. सकाळ-संध्याकाळ उजेडात टाके नीट बघा. तांदळाच्या दाण्यासारखं पांढरं बारीक काही दिसलं तर वाट बघू नका.

कोनाऐवजी जुना टी-शर्ट घालतात, मीही घातलाय.

वेंगुर्ल्याची मावशी
उन्हाळ्यात ठीक, पण या दिवसांत टी-शर्ट मुताने भिजतो, वाळत नाही आणि ओल टाक्यांवरच राहते. घालायचाच तर चुलीवरच्या दांडीवर वाळवलेले तीन-चार हाताशी ठेवा, आणि वर कोन हवाच.

सुपारीवाडी
खूप आधार वाटला. हिरड्या गुलाबी आहेत. झोपतानाच्या फोटोत फुगवटा तेवढाच होता, म्हणून रात्री निघाले नाही. सकाळी फोन लागला, फोटो पाठवले. डॉक्टर म्हणाले पाणीच वाटतंय, पण परवा आणून दाखवा आणि तोवर उडी नको. ओटीच्या पायऱ्यांवर फळी आडवी लावली, कोंबड्या मागच्या आगरात कोंडल्या. सासूबाईंना हिरड्यांचं समजावलं, आता त्याच दर तासाला चिंगीचा ओठ वर करून बघतात. टाके साधारण कधी काढतात? आणि नेताना उपाशी ठेवायचं का?

वेंगुर्ल्याची मावशी
बहुतेक 10 ते 14 दिवसांनी, जखम पाहून. विरघळणारे घातले असतील तर काढावे लागत नाहीत, परवा विचाराच. आंघोळ मात्र त्यानंतरच. टाके काढायला भूल देत नाहीत, त्यामुळे उपाशी ठेवायचं कारण नाही. चिपळूणच्या वळणांवर तिला गाडी लागत असेल तर निघण्याआधी भरपेट देऊ नका, एवढंच.